पिवळी शिवण

मराठी माणसाचे मन त्याच्या देहात नक्की कोठे राहते, हे ठरविणे मोठे कठीण आहे. प्रेम आपण काळजात ठेवतो, संताप डोक्यात जातो, राग नाकाच्या शेंड्यावर बसतो. पण ज्या भावना जुन्या आणि खोल, त्यांची वस्ती बहुतेक पोटातच. आईची माया पोटात असते. वाईट बातमी कानी आली की पोटात धस्स होते, परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे हाल पाहून पोटात कालवते आणि शेजाऱ्याचे बरे झाले की पोटात दुखू लागते. कुणाचा अपराध क्षमा करायचा म्हणजे तो पोटात घालायचा. आणि ज्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही, त्याच्यापासून चार पावले लांब राहायचे.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी एकदा मधल्या सुटीत मला सांगितले की, मनाच्या चढउतारांशी ज्याचे नाव सगळ्या जगात जोडले जाते ते सेरोटोनिन नावाचे द्रव्य पहिल्यांदा सापडले ते मेंदूत नव्हे, तर आतड्यात! एवढे ऐकून मला विलक्षण आनंद झाला. आपल्या आज्यापणज्या काही उगाच बोलत नव्हत्या, असे मनात आले. व्हित्तोरियो एर्स्पामेर नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात पाव्हिया येथे हे द्रव्य पचनमार्गाच्या अस्तरातल्या पेशींतून काढले आणि त्याला 'एंटेरामीन' असे नाव दिले. आजही आपल्या शरीरातल्या एकूण सेरोटोनिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पोटाच्याच पदरी असते.

पण बाई शास्त्राच्या. त्यांनी माझा आनंद फार वेळ टिकू दिला नाही. "सर, पोटातलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही हं," त्या म्हणाल्या. "रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चाळण आहे. ती त्याला आत सोडत नाही. पोटाचं पोटात, मेंदूचं मेंदूत. मेंदूला लागतं ते मेंदू स्वतः तयार करतो. फक्त कच्चा माल तेवढा अन्नातून घेतो. दूध, डाळी, शेंगदाणे, अशांतून."

लघुनिबंध लिहायला बसलेल्या माणसाला अशी सहकारी मिळणे हे दुर्दैव समजायचे की सुदैव, हे मला ठरविता आले नाही. मात्र त्या दिवसापासून मी वाचू लागलो. मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, हाती खडू आला आणि तालुक्याच्या गावातल्या शाळेत रंगपेटीच्या आधाराने वीसएक वर्षे निघून गेली. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. 'त्याचे मन खचले' हे वाक्य माझ्या कादंबऱ्यांत किती वेळा आले असेल, देव जाणे. भिंत खचते तेव्हा खालची माती सरकलेली असते, हे गवंडी सांगतो. मन खचते तेव्हा खालचे काय सरकते, असा प्रश्न कादंबरीकाराला सहसा कोणी विचारीत नाही. तो मला विचारला माझ्या थोरल्या भावाने, आणि तोही जवळजवळ ह्याच शब्दांत.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. एका साखर कारखान्याच्या काट्यावर तो कारकून होता. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढली की तिचे वजन लिहायचे, रिकामी होऊन परत आली की पुन्हा लिहायचे आणि वजाबाकी करून पावती फाडायची. तीस वर्षे त्याने ह्या वजाबाकीत काढली. गळीत हंगामात तो घरी आला की त्याच्या अंगाला मळीचा वास येई, आणि आम्हा पोरांना तो सुबत्तेचा वास वाटे. २०२० सालापासून त्या कारखान्याचे दिवस फिरले. पगार आधी एक महिना लांबला, मग चार, मग अकरा. "दसऱ्याला देऊ", "मोळी पडली की देऊ", "कर्ज मंजूर झालं की देऊ" अशी आश्वासने येत राहिली. त्या वर्षी मोळी पडलीच नाही. दादा मात्र रोज सकाळी डबा घेऊन जाई, गंजत चाललेल्या काट्याजवळ बसे, हजेरीच्या वहीत सही करी आणि संध्याकाळी परत येई. त्याने मोठ्या साहेबांना अर्ज दिले, सभेत उभा राहून बोलला, पुढाऱ्यांच्या दारात बसला. काहीही केले तरी उत्तर तेच, आणि काहीही केले नाही तरी उत्तर तेच.

पुढे २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्याने जाणे सोडले. मग दाढी करणे सोडले. पहाटे तीनलाच त्याला जाग येई आणि तो ओसरीवर अंधारात बसून राही. वहिनींचा एके दिवशी मला फोन आला. "भाऊजी, तुम्ही येऊन जावा. हे भाकरीचा तुकडा मोडतात आणि हातात धरून बसतात. तोंडाकडं न्यायचंच विसरतात."

मी त्याला जिल्ह्याच्या गावी मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर शांत होते. त्यांनी वेळ दिला, झोप, भूक, मरणाचे विचार, सगळे नीट विचारले आणि एक लहानशी गोळी लिहून दिली. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन बाहेर सोडतात आणि मग ते परत आत ओढून घेतात; ही गोळी त्या परत ओढण्याला अटकाव करते, म्हणून ते अधिक वेळ बाहेर राहते, असे त्यांनी सांगितले. परत येताना एस.टी.त दादा खिडकीशी बसला होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग बाहेर बघतच म्हणाला, "एक सांग. पगार बुडाला म्हणून माझं मन खचलं. आता गोळीनं ते बरं झालं, तर पगार बुडवणाऱ्याचं फावलंच की. दुखणं माझ्या मेंदूत होतं असं ठरलं, मग त्यानं काय केलं?"

मी कादंबरीकार असून मला उत्तर सुचले नाही. सोप्या प्रश्नाला उत्तर न सुचणे निराळे आणि खऱ्या प्रश्नाला न सुचणे निराळे. पुढचे कित्येक महिने मी जे वाचले, ते दादाच्या ह्या प्रश्नासाठी वाचले.

प्रथम कळले ते असे की, ह्या द्रव्याने माणसाला गवसताना फार वळणे घेतली आहेत. एर्स्पामेर इटलीत आतड्याकडे पाहत होता, तेव्हा अमेरिकेत क्लीव्हलँड येथे आयर्विन पेज, मॉरिस रॅपोर्ट आणि आर्डा ग्रीन हे रक्तदाबाच्या मागे लागले होते. रक्त गोठून वेगळ्या झालेल्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, रक्तवाहिन्या आवळणारे काहीतरी आहे हे ठाऊक होते. ते त्यांनी गुरांच्या रक्तातून १९४८ साली वेगळे काढले. सीरममधले आणि 'टोन' म्हणजे ताण देणारे, म्हणून त्याचे नाव सेरोटोनिन. एंटेरामीन आणि सेरोटोनिन हे एकच, हे १९५२ साली कळले. एकाच मुलाला आजोळी एका नावाने आणि घरी दुसऱ्या नावाने हाक मारावी, तसा हा प्रकार.

मग आली बेटी ट्वारॉग नावाची एक तरुण संशोधिका. ती अभ्यास करीत होती समुद्रातल्या शिंपल्यांचा. हे जीव खडकाला घट्ट धरून राहतात. त्यांचा एक स्नायू एकदा आवळला की फारशी शक्ती खर्च न करता तासन् तास आवळलेलाच राहतो. तो सैल करणारे द्रव्य कोणते? ते निघाले सेरोटोनिन! जे शिंपल्याच्या मज्जातंतूंना उपयोगी पडते ते प्राण्यांच्या मेंदूतही असेल, असा तर्क तिने बांधला आणि पेज यांच्याबरोबर १९५३ साली ते मेंदूत असल्याचे दाखवून दिले. आवळलेले सैल करणारे हे द्रव्य! दादाच्या मुठीतला भाकरीचा तुकडा माझ्या डोळ्यांपुढे आला. पण शिंपल्यावरून माणसाकडे एका उडीत जाणे हे कवीला शोभते. मी पुढे वाचीत गेलो.

पुढची वाट चक्क मुंबईहून जात होती. सर्पगंधा ही आपल्या वैद्यांची जुनी वनस्पती. तिच्या मुळ्यांनी रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात रुग्णांच्या नोंदींसह मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हा अर्क वेगळा काढण्यात आला. तो घेणारे काही रुग्ण उदास होतात अशा नोंदी येऊ लागल्या, आणि १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी व त्यांचे सहकारी यांना आढळले की रेसर्पीन दिल्यावर सशाच्या मेंदूतले सेरोटोनिन रिते होते. त्याच सुमारास उलट दिशेनेही एक खूण मिळाली. १९५२ साली न्यूयॉर्कमधल्या एका क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध देऊन पाहत होते. खंगलेले रुग्ण अकस्मात हसू-बोलू लागले, त्यांची भूक वाढली. हे औषध मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा नाश होऊ देत नाही, असे दिसून आले. एका औषधाने द्रव्य रिते होते आणि माणूस खिन्न होतो, दुसऱ्याने ते साठते आणि माणूस उल्हसित होतो. झाले! 'सेरोटोनिन कमी म्हणजे दुःख, जास्त म्हणजे सुख' असे सुटसुटीत समीकरण पुढल्या दहापंधरा वर्षांत तयार झाले. ते इतके सोपे होते की, जाहिरातवाल्यांना आणि वर्तमानपत्रांना ते मनापासून आवडले. १९८७ च्या डिसेंबरात फ्लुओक्सेटीन ह्या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि मग तर ते समीकरण घरोघर पोहोचले.

ह्या सगळ्या वाचनात माझ्यातला चित्रकलेचा मास्तर एका ठिकाणी थबकला. १९६४ साली स्वीडनमध्ये अनिका डालस्ट्रॉम आणि शेल फुक्से यांनी उंदराच्या मेंदूचे तुकडे फॉर्माल्डिहाइडच्या वाफेत धरले आणि विशिष्ट प्रकाशाखाली सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काही पेशी हिरव्या चमकल्या. त्या निराळ्या द्रव्यांच्या. आणि मेंदूच्या बुंध्यात, अगदी मध्यरेषेवर, पिवळ्या रंगाचे पुंजके उजळले. त्या सेरोटोनिनच्या पेशी. मध्यरेषेवरच्या ह्या जागेला शरीरशास्त्रात 'राफे' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. मेंदूचे डावे आणि उजवे अंग जिथे जोडल्यासारखे दिसते, त्या शिवणीवर हा पिवळा दोरा! माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. त्यांत ह्या पिवळ्या पेशी अवघ्या काही लाख. पण त्यांचे तंतू असे लांबवर पसरलेले असतात की, मेंदूचा बहुतेक कोणताही कोपरा त्यांच्या स्पर्शावाचून राहत नाही.

एवढ्याशा पेशी सगळ्या मेंदूवर काय करीत असतील? ज्याने उसाला पाणी पाजलेले माणूस पाहिले आहे, त्याला हे समजायला जड जाऊ नये. रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन एक माणूस दारे धरायला जातो. तो पाऊस पाडीत नाही, बी पेरीत नाही, ऊसही वाढवीत नाही. तो फक्त खोऱ्याने एक दार फोडतो आणि दुसरे बांधतो. कोणत्या सरीत किती पाणी जायचे ते त्याच्या हाती. आणि पाणी तेच असले तरी काळ्या जमिनीत त्याचे एक होते आणि मुरमाड जमिनीत दुसरे. सेरोटोनिन घेणाऱ्या जागा मेंदूत चौदाएक प्रकारच्या आहेत. तेच द्रव्य एका जागी पेशीला चेतविते आणि दुसऱ्या जागी शांत करते. २०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांत दाखविले की, ह्या पिवळ्या पेशींतही निरनिराळ्या वाटा आहेत. कपाळामागच्या भागाकडे जाणारी एक वाट चेतविली तर उंदीर कठीण प्रसंगी हातपाय मारणे सोडीत नाही. आणि भीतीचे ठाणे असलेल्या भागाकडे जाणारी दुसरी वाट चेतविली तर तो अधिक भेदरतो. द्रव्य एक, वाटा दोन, परिणाम निराळे. मग ह्याला 'सुखाचे द्रव्य' कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणि प्राण्याप्राण्यांत तर ह्याच्या लीला आणखी न्याऱ्या. वाळवंटी टोळ हा खरे म्हणजे एकलकोंडा, लाजराबुजरा किडा. पण चारा आटला, सगळे एका जागी दाटले आणि एकमेकांच्या मागल्या पायांना घासू लागले की त्याच्या अंगातले सेरोटोनिन वाढते आणि दोनचार तासांत तो कळप करू लागतो, हे २००९ साली दाखविण्यात आले. २०२० च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरकडे जी टोळधाड आली, तिच्या मुळाशी असेच कुठे दूरच्या वाळवंटात गर्दीत घासले गेलेले पाय असणार. दाटी वाढली की स्वभाव पालटतो. परिस्थिती बाहेर घडते आणि द्रव्य आत हलते. दोन्ही मिळूनच वागणे बनते.

येथे दादाच्या प्रश्नाच्या मी जवळ येऊ लागलो.

अमेरिकेत १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुणांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग निष्ठुर होता, वाचतानाही पोटात कालवते. दोन कुत्र्यांना विजेचे सारखेच झटके बसत. एकाला डोक्याने एक पाटी दाबून झटका थांबविता येई. दुसऱ्याने काहीही केले तरी थांबत नसे. पहिल्याचा थांबला की त्याचा थांबे. झटके अगदी तितकेच. पुढे दोघांना अशा जागी ठेवले की, एक लहानसा अडथळा ओलांडला की सुटका. पहिला ओलांडून गेला. दुसऱ्या प्रकारच्यांतले पुष्कळजण तिथेच पडून राहिले. दुःख किती झाले यापेक्षा, आपल्या करण्याने काही फरक पडतो का, ह्याचा घाव खोल बसतो असा ह्याचा अर्थ. ती प्राणी हतबलता 'शिकले', असे त्या दोघांनी तेव्हा म्हटले.

पण मायर ह्या प्रश्नाला चिकटून राहिले. पुढे कोलोरॅडोत त्यांनी उंदरांच्या मेंदूत डोकावून पाहिले, आणि त्यांना ती शिवण भेटली. ज्या झटक्यांवर काही इलाज चालत नाही, ते बसत असताना शिवणीवरच्या सेरोटोनिनच्या पेशी जोराने चेततात आणि प्राणी भेदरून निपचित होतो. इलाज चालतो हे ध्यानात आले, की कपाळामागचा एक भाग ह्या पेशींना 'थांबा' असा निरोप पाठवितो. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे येथे सेरोटोनिन कमी नव्हते, उलट उफाळले होते! पुढे २०१६ साली, पन्नास वर्षांच्या कामाचा हिशेब मांडताना, मायर आणि सेलिगमन यांनी आपला जुना सिद्धान्त स्वतःच उलटा केला. हतबलता शिकावी लागत नाही, त्यांनी म्हटले. लांबलेल्या संकटात निपचित पडणे ही देहाची मूळचीच रीत आहे. शिकावे लागते ते हे की, आपल्या हाताने काही होते.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि काट्याजवळ डबा घेऊन बसलेला दादा मला दिसला. अर्ज केला तरी तेच, न केला तरी तेच. तो मनाने कमकुवत नव्हता. त्याचा मेंदू, मेंदूने जे करायचे तेच करीत होता. गावात लोक म्हणत, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? त्याच्यासारखे तीनशे जण आहेत." त्या तीनशेंतल्या कितीजणांच्या मुठीत भाकरीचा तुकडा तसाच राहत होता, ते कोण मोजणार? काटा तर बंद होता.

आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. जपानात ओकिनावा येथे संशोधकांनी उंदरांना नळीशी नाक धरून दाण्याची वाट पाहायला शिकविले. शिवणीवरच्या सेरोटोनिनच्या पेशी प्रकाशाने चेतविल्या की उंदीर अधिक वेळ धीर धरीत. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे धीर नावाच्या गुणाला मेंदूत एक ठिकाण आहे. पण २०१८ साली त्यांनी त्याचीच पुढची बाजू सांगितली. दाणा चारांपैकी तीन वेळा मिळतो असा अनुभव असेल तरच हा धीर वाढतो. निम्म्याच वेळा मिळत असेल, तर पेशी चेतवूनही उंदीर अधिक थांबत नाही. धीर धरायला आतले द्रव्य लागते, तसा बाहेरचा भरवसाही लागतो. 'धीर धरा' असा उपदेश करणाऱ्याने आधी आपल्या शब्दाची किंमत चारांत तीन तरी ठेवावी, हे उंदरांनाही समजते. "दसऱ्याला देऊ" म्हणणाऱ्यांना समजत नसेल, असे मला वाटत नाही.

दादाला गोळीने लगेच काही वाटले नाही. सेरोटोनिन तर थोड्याच वेळात वाढते, पण मनाला उतार पडायला दोन ते चार आठवडे किंवा अधिकही लागतात. मेंदू ह्या बदलाशी आपली घडी हळूहळू बसवितो, असे मानतात. चौथ्या आठवड्यात तो पहाटे पाचपर्यंत झोपला. वहिनींनी हे मला फोनवर सांगितले ते अशा आवाजात, की जणू घरात पोर जन्मले आहे.

आणि मग त्याच वर्षीच्या जुलैत एक बातमी आली. लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन म्हटले होते की, खिन्नतेच्या आजारात सेरोटोनिन कमी झालेले असते ह्याला सुसंगत पुरावा नाही. माझ्या पुतण्याच्या फोनवर ती बातमी आली आणि गावात अर्थ असा निघाला की, सगळी फसवणूक आहे. दादाने गोळ्यांचे पाकीट फळीवर ठेवून दिले. आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "बातमी खोटी नाही. कमतरतेची गोष्ट फार सोपी करून सांगितली गेली होती. पण ताप आला की आपण गोळी घेतो, ती गोळी शरीरात कमी पडली होती म्हणून ताप आला असं कुठं असतं? औषध कशानं लागू पडतं, हा एक प्रश्न. आणि लागू पडतं का, हा दुसरा. ही गोळी सगळ्यांना लागू पडत नाही, काहींना पडते. तुम्हांला झोप लागतेय, भूक लागतेय. बंद करायची तर ती आपण दोघं मिळून, हळूहळू करू. एकदम सोडू नका."

दादाने तेव्हा त्यांना तोच एस.टी.तला प्रश्न विचारला. डॉक्टर थोडे थांबले आणि म्हणाले, "गोळीनं तुमचा पगार मिळाला असं तुम्हांला वाटायला लागलं, तर माझ्याकडं या. मग मी ती बंद करीन." दादा हसला. फार दिवसांनी हसला.

माझे उत्तर मला सापडले ते ह्यानंतर, आणि तेही थोडे पुस्तकात, थोडे घरात. दुःख मेंदूत असते म्हणजे त्याचे कारणही मेंदूतच असते, असे मुळीच नाही. पाय मोडतो तेव्हा मोड हाडातच असतो. म्हणून धडक देणारी गाडी निर्दोष ठरत नाही. उलट शिवणीपर्यंत पोहोचलेला हा घाव म्हणजे बाहेर काहीतरी फार दिवस चुकत आले, ह्याची देहाने दिलेली साक्ष आहे. पण साक्षीदाराला उभे तर राहता आले पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साक्ष कोणी काढीत नाही, आणि अन्याय करणाऱ्याला ते ठाऊक असते. दादा बरा झाल्याने कुणाचे फावले असेल, तर ते त्यांचे नव्हे.

घरात जे सापडले ते असे. ऑगस्टात दादाने माळ्यावरून आपल्या जुन्या पावत्यांच्या वह्या काढल्या. तीनशे जणांपैकी ज्याचे ज्याचे जितके देणे थकले, त्याचा तक्ता त्याने मांडायला घेतला. नाव, हुद्दा, महिने, रक्कम. संध्याकाळी ओसरीवर माणसे येऊ लागली. कोणी पगाराची चिठ्ठी आणी, कोणी बँकेचे पुस्तक. दादा चष्मा लावून आकडा तपासी, वजाबाकी करी आणि लिही. कामगार न्यायालयात दावा दाखल झाला तो ह्याच तक्त्यावर. मला कोलोरॅडोचे उंदीर आठवले. आपल्या हाताने काही होते, हे शिकणारे. तक्त्याने दादा बरा झाला की गोळीने, असे मला कोणी विचारले तर मी सांगू शकणार नाही. झोप नसती तर तक्ता झाला नसता. आणि तक्ता नसता, तर त्या झोपेतून उठायचे कशाला, हा प्रश्न उरला असता. वहिनींच्या मते दोन्ही नव्हे, तर त्यांनी रोज रात्री दिलेले हळदीचे दूध. दुधात सेरोटोनिनचा कच्चा माल असतो, तेव्हा त्यांनाही अगदीच खोटे पाडता येत नाही.

एक मात्र झाले. 'त्याचे मन खचले' हे वाक्य मी आता पूर्वीसारखे सहज लिहू शकत नाही. लिहायला गेलो की पुढे दोन ओळी आपोआप येतात: कशाने खचले, आणि तेव्हा त्याच्या हातात काय करण्यासारखे उरले होते. माझा प्रकाशक म्हणतो, अलीकडे तुमच्या कादंबऱ्यांत हिशेब फार येतात.

डॉक्टरांनी पुढल्या वर्षी गोळी हळूहळू कमी करीत आणली आणि मग थांबविली. पुन्हा लागली तर पुन्हा घेईन, असे दादा म्हणतो. त्यात त्याला आता काही वावगे वाटत नाही. थकलेला पगार अजून मिळालेला नाही. तारखा पडतात. तारखेच्या दिवशी दादा पहाटे उठून दाढी करतो, तक्त्याची पिशवी घेतो आणि पहिल्या एस.टी.ने जातो. वहिनी भाकरी बांधून देतात. परत आल्यावर मी विचारतो, "काय झालं?" तो म्हणतो, "पुढची तारीख." मग पिशवीतून रिकामा डबा काढून तो मोरीत ठेवतो.